बाबांच्या फोनमधलं बिननावाचं ॲप: कसं सापडलं, कसं काढलं

पऱ्हाटी | १६ नोव्हेंबर, रात्री ९.४०

मंडळी, गेल्या आठवड्यात आमच्या घरी जे झालं ते सविस्तर लिहितोय. लांबेल, पण पूर्ण वाचा, कारण ही फाईल अजूनही गावोगावी फिरते आहे.

आमचं गाव घाटंजी तालुक्यातलं. घरी कापूस, तूर आणि दोन म्हशी. मी नोकरीपायी यवतमाळला असतो. सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन कापसाचा पहिला वेचा सुरू झाला होता. शुक्रवारी बाबांचा फोन आला, "बँकेचे मेसेज येऊनच नाही राह्यले रे. डेअरीवाला म्हणते दुधाचे पैसे टाकले, मले तं काही दिसलं नाही." मला वाटलं नेटवर्क असेल, आमच्याकडे टॉवरची रड कायमचीच. त्याच रात्री मामाजींचा फोन: "तुह्या बाबाच्या नंबरवरून मले पीएम किसानची फाईल आली. दाबू का?" तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

झालं होतं असं. बाबांचा हप्ता ई-केवायसीपायी अडकलेला. वर्षाचे ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. शहरातल्या माणसाला हे किरकोळ वाटेल, पण आमच्याकडे वेचणीच्या मजुरीच्या वेळी तेच २,००० हाताशी येतात. गावच्या ग्रुपवर 'लाभार्थी यादी' नावाची फाईल आली, नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे फोनात ॲप बसवणारी फाईल. पाठवणारा गावातलाच, रोज पारावर भेटणारा माणूस. (त्याच्या फोनमधून ती आपोआप गेली होती, हे नंतर कळलं.) बाबांनी दाबली. फोननं अडवलं, तर पुढच्या पानावर कोणतं बटण चालू करायचं ते मराठीत लिहिलेलंच होतं. मग एक हिरवा फॉर्म: नाव, आधार क्रमांक, एटीएम कार्डाचे शेवटचे ६ आकडे, कार्डाची मुदत. तो भरला. 'तपासणी सुरू आहे' असं आलं आणि ॲपचं चिन्ह स्क्रीनवरून नाहीसं झालं. बाबा समजले, काम झालं म्हणून गेलं.

मामाजींचा फोन ठेवल्याबरोबर मी धाकट्या भावाला एवढंच सांगितलं: फोन बंद कर, सिम काढ आणि आईच्या बटणाच्या फोनमध्ये टाक. हे एक काम वेळेवर झालं. त्या साध्या फोनवरून बँकेच्या शिल्लक विचारायच्या नंबरवर मिस कॉल दिला, तर मेसेज आला. दोन रात्रींत १८,४०० रुपये गेले होते, आणि त्याचा एकही मेसेज बाबांनी पाहिला नव्हता.

लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावली. तिसऱ्यांदा लागली. खाते क्रमांक, रक्कम, वेळ विचारली, तक्रार क्रमांक दिला. त्यानंतर बँकेच्या हेल्पलाइनला सांगून कार्ड आणि यूपीआय बंद केलं.

शनिवारी सकाळी घरी पोचलो आणि सिम नसलेला, वायफाय नसलेला तो फोन घेऊन बसलो. ॲपच्या यादीत ओळखू येईल असं काहीच नव्हतं. मग सेटिंग्जमध्ये 'परवानगी व्यवस्थापक' उघडलं, त्यात 'एसएमएस'. तिथे 'परवानगी आहे' या मथळ्याखाली फोनची नेहमीची दोन-तीन ॲप्स आणि मधे एक ओळ रिकामी. चित्र पांढरं, नाव कोरं. नुसतं बघितलं तर दोन ओळींमधली मोकळी जागा वाटावी. बोट ठेवलं तर ती ओळ उघडली. एसएमएस, संपर्क, फोन, सगळ्यांना परवानगी. 'डीफॉल्ट ॲप्स'मध्ये जाऊन पाहिलं, तर मेसेजचं मुख्य ॲप म्हणूनही तेच बसलेलं. म्हणजे बँकेचा मेसेज फोनपर्यंत येत होता. तो आधी त्या ॲपच्या हाती पडत होता आणि ते तो बाबांपर्यंत पोचूच देत नव्हतं.

काढायला गेलो तर 'अनइन्स्टॉल' बटण फिकं, दाबलं जाईना. कारण त्यानं 'डिव्हाइस ॲडमिन'चा अधिकार घेतलेला. तो काढायला गेलो की स्क्रीन आपोआप मागे यायची. चार वेळा करून पाहिलं. शेवटी सेफ मोडमध्ये फोन चालू केला. आमच्या फोनमध्ये पॉवरचं बटण धरून ठेवायचं आणि स्क्रीनवर 'पॉवर ऑफ' आलं की त्यावर बोट दाबून ठेवायचं. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप्स चालत नाहीत, म्हणून त्याला आडवं येता आलं नाही. ॲडमिन अधिकार काढला, मग ते ॲप काढलं. तरी माझा जीव शांत होईना. फोटो पेनड्राइव्हवर घेऊन फोन पूर्ण रीसेट केला.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर लिहा. मी काही चुकलो असेन तर तेही सांगा.


काटोलची संत्री | १६ नोव्हेंबर, रात्री १०.१५

भाऊ, वाचून काळजी वाटली. माझाही फोन हल्ली खूप गरम होतो, बॅटरी दुपारपर्यंत उतरते. हेरगिरीचं लक्षण म्हणतात ते हेच का?


वणीचा रिपेअरवाला | १६ नोव्हेंबर, रात्री ११.०५

पऱ्हाटी भाऊ, सिम काढून साध्या फोनात टाकलं हे उत्तम केलं. ओटीपी येण्याची वाटच तोडली. माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, असे फोन दर आठवड्याला एक-दोन येतात.

काटोलकर, फोन गरम होण्यावरून काहीच ठरवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, शर्टाच्या खिशातला फोन तापतोच. तीन वर्षांची बॅटरी लवकर उतरणारच. मोबाईल डेटा कोणतं ॲप किती खातं ते जरूर बघा, पण तिथेही हे चोर थोडाच डेटा वापरतात. मेसेज म्हणजे चार ओळींचा मजकूर, त्याला कितीसा डेटा लागणार? आवाज आणि फोटो पाठवणारं ॲप मात्र तिथे दिसून येतं.

मी गिऱ्हाइकाला एकच सांगतो: ॲपचं नाव बघू नका, त्याला कशाची मुभा दिली ते बघा. नाव काहीही ठेवता येतं. 'सिस्टम अपडेट', 'वायफाय सर्व्हिस', किंवा या भाऊंच्या फोनसारखं कोरं. मुभा मात्र लपवता येत नाही, ती फोनच्या यादीत असावीच लागते. एसएमएसची मुभा भाऊंनी सांगितली. तिच्या खालोखाल महत्त्वाची ॲक्सेसिबिलिटी. ज्यांना कमी दिसतं किंवा हात नीट चालत नाहीत अशांसाठी केलेली ही सोय आहे. ती ज्या ॲपला दिली ते ॲप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या जागी बटणंही दाबू शकतं. भाऊंची स्क्रीन आपोआप मागे येत होती ना, ते यामुळेच. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात 'डाउनलोड केलेली ॲप्स'. तिथे तुम्ही स्वतः मुद्दाम चालू केलेलं नाही असं काही चालू दिसलं तर बाकी पुरावा शोधायची गरज नाही.

त्यानंतर 'नोटिफिकेशन ॲक्सेस' बघा. एसएमएसची मुभा न घेता नुसत्या वर येणाऱ्या सूचना वाचूनही ओटीपी पळवता येतो, व्हॉट्सॲपचे मेसेजही वाचता येतात. 'अज्ञात ॲप्स इन्स्टॉल करणे' बघा. तिथे व्हॉट्सॲप किंवा क्रोमसमोर 'परवानगी आहे' असेल तर ती बंद करा, म्हणजे पुढची फाईल तिथेच अडेल. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून प्ले प्रोटेक्ट, म्हणजे गूगलची ॲप्स तपासणारी सोय, उघडा. ते बंद दिसलं आणि तुम्ही केलेलं नसेल, तर कोणीतरी केलं आहे.

अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहजासहजी मिळत नाही, फोन 'रिस्ट्रिक्टेड सेटिंग' म्हणून अडवतो. पण गावाकडे अजून जुने फोन खूप आहेत. आणि फॉर्मवाले ते अडवणंही कसं उठवायचं ते चित्रं काढून शिकवतात.


बँकेतली ताई | १७ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

एका तालुक्याच्या शाखेत काउंटरवर बसते, म्हणून पैशाच्या बाजूचं लिहिते.

कार्डाचे शेवटचे ६ आकडे आणि मुदत का मागितली, ते समजून घ्या. यूपीआयचा नवा पिन बसवायला पुष्कळ बँकांत तेवढंच लागतं, आणि सोबत ओटीपी. आकडे बाबांनी फॉर्ममध्ये दिले, ओटीपी ॲपनं वाचला. चोराला बाबांचा जुना पिन माहीत असायची गरजच उरली नाही. आमच्याकडे येणारे काकाजी शपथेवर सांगतात, "मी ओटीपी कोणालेच सांगतला नाही." ते खरंच बोलत असतात. आणि काउंटरच्या या बाजूला बसलेली माणसं त्यांच्यावर विश्वास ठेवत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

तक्रार १९३० वर करा किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर, पण बँकेला वेगळं लेखी कळवाच. अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवा, तिच्यावर शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढून नियम केला. चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, तिसरीकडेच झाली असेल आणि ३ कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर काही भार नाही. ग्राहकानं स्वतः माहिती दिली असं धरलं, तरी कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं ओझंही त्या परिपत्रकानं बँकेवरच टाकलं आहे. म्हणून 'कळवलं कधी' याचा कागद हातात पाहिजे. तोंडी सांगून घरी जाऊ नका, कितीही गर्दी असली तरी.

पऱ्हाटी दादा, रीसेट करण्याआधी त्या रिकाम्या ओळीचे फोटो काढले होते का?


पऱ्हाटी | १७ नोव्हेंबर, सकाळी ८.०२

ताई, भावाच्या फोननं तीन फोटो काढले होते. पण ती मूळ फाईल आणि ती ज्या मेसेजमधून आली तो मेसेज, दोन्ही रीसेटमध्ये गेले. पोलिसांनी नेमकं तेच मागितलं. मामाजींनी त्यांच्याकडची फाईल काढून टाकलेली नव्हती, दाबलीही नव्हती, म्हणून निभावलं. इतरांनी ही चूक करू नका. तक्रार झाल्यावरच फोन पुसा.


वैनगंगा | १७ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

पेगासससारखं हेरगिरीचं सॉफ्टवेअर असेल तर या सगळ्या यादीत दिसेल का?


वणीचा रिपेअरवाला | १७ नोव्हेंबर, सकाळी ९.५५

नाही दिसणार. पेगासस इस्रायलच्या एनएसओ कंपनीचं आहे, ती म्हणते आम्ही फक्त सरकारांना विकतो. त्यात माणसानं काही दाबायचीही गरज पडत नाही. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपनं सांगितलं होतं की जगभरातल्या सुमारे १,४०० लोकांच्या फोनवर त्यानं हल्ला झाला. ते ओळखायला ॲम्नेस्टी या मानवाधिकार संस्थेच्या प्रयोगशाळेनं वेगळं साधन केलं आहे, माझ्यासारख्या दुकानदाराचं ते काम नाही. पण दादा, आपल्या गावात ज्यांचे पैसे जातात, ज्यांच्या घरात भांडणं होतात, त्यांच्यामागे पेगासस नाही. शंभर रुपये खर्च न करता बनवलेलं ॲप आहे, नाही तर घरातलंच माणूस आहे.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. कित्येकदा फोनात ॲप वगैरे काही नसतंच. नवा फोन घेतला की दुकानदारच गूगल खातं उघडून देतो. आमच्या धंद्यात सगळेच करतात, मीही वर्षानुवर्षं केलं. पासवर्ड दुकानदाराच्या सोयीचा, गिऱ्हाइकाचं नाव आणि १२३. खातं परत मिळवायला दिलेला नंबर कधी दुकानाचा, कधी पुतण्याचा. गिऱ्हाइकाला आपला पासवर्ड काय तेच माहीत नसतं. आता ज्याला तो पासवर्ड माहीत आहे तो दुसऱ्या कुठल्याही फोनवरून तुमचे संपर्क बघेल, फोटोंचा बॅकअप बघेल, फोन आत्ता कुठे आहे तेही बघेल. तुमच्या फोनात शोधून काय सापडणार? चोर फोनात नाहीच, तो खात्यात बसला आहे.

मागच्या वर्षी एक मावशी आल्या. शेतावर कधी गेल्या, बाजाराला कधी गेल्या, सगळं जावयाला कळतं म्हणाल्या. दोन तास फोन तपासला, एकही वाईट ॲप नाही. मग गूगल खात्यात 'सुरक्षा', त्यात 'तुमची डिव्हाइस' उघडलं. मावशींच्या फोनबरोबर आणखी एक फोन. त्या यादीत फोनचं मॉडेल दिसतं. मावशींनी बघितलं आणि म्हणाल्या, "हा तं त्याचाच." त्या दिवसापासून मी कोणाचं खातं स्वतः उघडत नाही. समोर बसवून त्यांच्याच हातानं करवतो, पासवर्ड टाकताना पाठ फिरवतो, आणि तो घरच्या वहीत लिहून ठेवायला सांगतो.


नाव नको | १७ नोव्हेंबर, दुपारी २.४८

सकाळपासून हा धागा वाचते आहे. रिपेअरवाले भाऊंनी मावशींचं लिहिलं म्हणून धीर करून लिहिते.

मी चंद्रपूर जिल्ह्यात एका खेड्यात राहते. मिस्टर बाहेरगावी कामाला. फोन भासऱ्यांनी (मोठ्या दिरांनी) आणून दिला. मी आईशी काय बोलले, दवाखान्यात कधी गेले, मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर काय लिहिलं, सगळं घरात माहीत असतं. माझ्या आधी माहीत असतं. परवा मी आईला फक्त लिहून कळवलं होतं की चार दिवस माहेरी येते. संध्याकाळी जेवताना भासरे म्हणाले, माहेरी जायची गरज नाही. मी कोणाजवळ तोंडातून शब्दही काढला नव्हता. फोन रीसेट केला तर सगळं निघून जाईल का?


अंबानगरी | १७ नोव्हेंबर, दुपारी २.५६

ताई, थांबा. काहीही काढू नका, रीसेट करू नका. आधी एवढंच सांगा, हे तुम्ही कोणत्या फोनवरून लिहिलं? त्याच फोनवरून असेल तर इथे आता उत्तर देऊ नका, पान बंद करा. दुसऱ्या कोणाचा, विश्वासाच्या बाईचा फोन मिळाला की मगच या. आम्ही इथेच आहोत.


वणीचा रिपेअरवाला | १७ नोव्हेंबर, दुपारी ३.१०

माझ्या ध्यानात हे आलंच नव्हतं. बरोबर आहे.


निवृत्त तलाठी | १७ नोव्हेंबर, सायंकाळी ६.३०

मूळ विषयावर थोडं. ३४ वर्षं गावांत काम केलं, शेतकऱ्याला ही फाईल खरी का वाटते ते मला माहीत आहे. कारण आता सगळंच खरोखर ॲपवर आहे. पेरा नोंदवायचा तर ई-पीक पाहणी ॲप, सीसीआयला, म्हणजे कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर २०२५ पासून कपास किसान ॲपवर नोंदणी. आज हे डाउनलोड करा, उद्या ते अपडेट करा, असं सरकारच सांगतं. मग व्हॉट्सॲपवर आलेलं एक ॲप खोटं कसं वाटेल? म्हणून शेतकऱ्याला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

मी आमच्या गावात दोन गोष्टी पाळायला सांगितल्या. ॲप फक्त प्ले स्टोअरमधून घ्यायचं, व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल सख्ख्या भावानं पाठवली तरी दाबायची नाही, आधी त्याला फोन करून विचारायचं. आणि गावच्या ग्रुपवर अशी फाईल आली की ॲडमिननं ती सगळ्यांसाठी डिलीट करायची. ॲडमिनला तसं करता येतं, ग्रुपमधल्या पुष्कळांना ते माहीतच नसतं. लग्नसराई आली की लग्नपत्रिकेच्या नावानं याच फाइली येतात, आणि गाडीच्या चालानच्या नावानंही. पत्रिका एपीके कधीच नसते.


धामणगावची मुलगी | १७ नोव्हेंबर, सायंकाळी ७.१५

आयफोनवाल्यांसाठी: सेटिंग्जमध्ये 'जनरल', त्यात 'व्हीपीएन आणि डिव्हाइस मॅनेजमेंट'. तिथे तुम्ही न टाकलेलं प्रोफाइल असेल तर शंका घ्या. आयओएस १६ पासून 'सेफ्टी चेक' आहे, कोणाला काय काय दिसतं ते एका ठिकाणी कळतं.

कॉल दुसरीकडे वळवले आहेत का तेही बघा. फोन ॲपच्या सेटिंगमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग' असतं. माझ्या मावसभावाला कुरियरवाला म्हणून फोन आला आणि *४०१* पासून सुरू होणारा नंबर दाबायला लावला. त्याचे सगळे कॉल दुसरीकडे जात होते. १५ एप्रिल २०२४ पासून दूरसंचार विभागानं असा नंबर दाबून कॉल वळवायची सेवा कंपन्यांना बंद करायला लावली, पण आधी वळवलेलं राहून गेलं नाही ना, ते एकदा बघून घ्यावं.


काटोलची संत्री | १७ नोव्हेंबर, रात्री ८.४०

बघितलं. ॲक्सेसिबिलिटी रिकामी आहे. पण 'नोटिफिकेशन ॲक्सेस'मध्ये एक कर्ज देणारं ॲप निघालं, मागच्या वर्षी टाकलं होतं आणि कर्ज घेतलंही नाही. संपर्क, एसएमएस, ठिकाण, सगळ्याला परवानगी होती. काढलं. मुलांच्या आईच्या फोनमध्येही तेच होतं.


नाव नको | १९ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

दुसऱ्या बाईंच्या फोनवरून लिहिते आहे. त्यांना सगळं माहीत आहे. परवाचं मी माझ्याच फोनवरून लिहिलं होतं. अजून घरात कोणी काही बोललं नाही.

या बाईंनी माझा फोन हातात घेऊन नुसतं बघितलं, काही दाबलं नाही. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक केलेली डिव्हाइस' आहे, त्यात 'गूगल क्रोम' आणि खाली लिहिलं होतं आज सकाळी ६.१० ला चालू. मी कधी कॉम्प्युटर वापरला नाही. ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'सिंक सर्व्हिस' नावाचं एक चालू होतं. गूगल खात्यात तीन फोन. दोघींनी मिळून त्यांच्या फोनवर सगळ्याचे फोटो काढले. आता पुढे काय करू?


अंबानगरी | १९ नोव्हेंबर, सकाळी ११.५२

ताई, तुम्ही फार हुशारीनं केलं. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

मी महिला समुपदेशन केंद्रात बरीच वर्षं काम केलं आहे, त्या अनुभवावरून सांगते. लिंक तोडली, ॲप काढलं की समोरच्याला त्याच दिवशी कळतं. त्याच्या बाजूला माहिती यायची थांबते ना. आणि आपली पाळत उघडी पडली हे कळल्यावर माणूस कसा वागेल ते तुम्हालाच ठाऊक, आम्हाला इथे बसून सांगता येणार नाही. म्हणून काढायचं कधी, हे तुम्ही कुठे असाल आणि सोबत कोण असेल त्यावर ठरवा. तोवर तो फोन नेहमीसारखाच वापरा. आईशी स्वयंपाकाचं, पिकापाण्याचं बोला. एकदम बोलणं बंद केलं तर तेही लक्षात येतं. मनातलं बोलायचं असेल तर तो फोन घरात ठेवून बाहेर बोला, कारण असं ॲप माइकही चालू करू शकतं. अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढचा फोन असेल तर माइक वा कॅमेरा चालू असताना वर कोपऱ्यात हिरवी खूण येते, तेवढ्यावर लक्ष ठेवा.

काढलेले फोटो त्या बाईंच्याच फोनात राहू द्या, तुमच्या फोनवर पाठवून घेऊ नका. कागदावर तारीख लिहून ठेवा: कोणत्या दिवशी आईला काय लिहिलं आणि संध्याकाळी घरात काय बोललं गेलं. तुम्ही आम्हाला सांगितलं तो जेवणाचा प्रसंग पहिला लिहा.

१८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, दुसऱ्या फोनवरून लावा. जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' वन स्टॉप सेंटर असतं. तिथे समुपदेशन, कायद्याची मदत आणि गरज पडली तर काही दिवस राहायची सोय एकाच जागी मिळते, पैसे लागत नाहीत. जिवाला धोका वाटला तर ११२. कायदा तुमच्या बाजूनं आहे. बाईच्या इंटरनेटवरच्या, ईमेलवरच्या, फोनवरच्या बोलण्यावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा सिद्ध झाला तर ३ वर्षांपर्यंत कैद. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही दाद मागता येते. फोन त्यांनी विकत आणला म्हणून त्यातलं तुमचं बोलणं त्यांचं होत नाही.


वणीचा रिपेअरवाला | १९ नोव्हेंबर, दुपारी १२.३०

अंबानगरी ताईंचं ऐका. ज्या दिवशी ठरेल त्या दिवसासाठी माझ्याकडून एवढं लक्षात ठेवा. जुनं गूगल खातं नव्या फोनवर मुळीच चालू करू नका. नवं खातं दुसऱ्या फोनवर उघडा, नवा पासवर्ड, नंबर आईचा किंवा त्या बाईंचा. बॅकअपमधून ॲप्स परत आणू नका, नाही तर जे काढलं तेच पुन्हा आत येतं. फोटो आणि नंबर तेवढे घ्या. व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांचा पिन लावा. स्क्रीनचं लॉक बदला, आणि घरात कोणाला माहीत आहे असा वाढदिवस त्यात टाकू नका. असं ॲप टाकायला बहुतेक वेळा फोन पाच-दहा मिनिटं हातात लागतो, आणि तो हातात मिळतो लॉक माहीत असतं म्हणून.

तुम्ही वणीकडे आलात तर दुकानात बायकोही बसते, तिच्यासमोर करून देईन. एक रुपया घेणार नाही.


बँकेतली ताई | १९ नोव्हेंबर, दुपारी १.०५

ताई, तुमच्या बँक खात्याला कोणाचा मोबाईल नंबर जोडला आहे, ते जमलं तर शाखेत जाऊन विचारा. लाडक्या बहिणीचे पैसे ज्या खात्यात येतात ते खाते तुमचं आणि नंबर दुसऱ्याचा, असं मी रोज बघते. बदलायचा अर्ज तुम्ही स्वतः करू शकता, कोणाच्या सहीची गरज नाही. पण तोही ठरलेल्या दिवशीच करा, कारण नंबर बदलल्याचा मेसेज जुन्या नंबरवर जाऊ शकतो.


वैनगंगा | १९ नोव्हेंबर, रात्री ९.१०

फोन साफ आहे की नाही हे बघायला एखादं भरवशाचं फुकट ॲप आहे का?


धामणगावची मुलगी | १९ नोव्हेंबर, रात्री ९.३२

सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, सर्ट-इन ही सायबर सुरक्षेची सरकारी संस्था ते चालवते, २०१७ मध्ये सुरू झालं. त्यांच्याकडून सी-डॅकनं केलेलं एम-कवच २ मिळतं. ॲप्सच्या परवानग्यांची छाननी करतं. प्ले स्टोअरमधूनच घ्या. 'अँटीव्हायरस' म्हणून जाहिरातीत येणारं काहीही टाकू नका, त्यातली काही स्वतःच चोर असतात. आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही बघता येतं, माझ्या आजोबांच्या नावावर एक जास्तीचं निघालं.


पऱ्हाटी | २४ नोव्हेंबर, रात्री १०.०५

सगळ्यांचे आभार. १९३० च्या तक्रारीवरून १८,४०० पैकी ७,००० रुपये एका खात्यात अडवलेले सापडले, पोलिसांनी पत्र दिलं आहे. बाकीचे त्याच रात्री पुढे काढून घेतले होते. बँकेतल्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे शिक्क्याची प्रत घेतली.

रिपेअरवाले भाऊंचं वाचून बाबांचं गूगल खातं उघडलं. त्यात दुकानाचा नंबर होताच. बाबांना शेजारी बसवून त्यांच्याच हातानं बदललं, पासवर्ड पंचांगाच्या मागच्या पानावर त्यांनी स्वतः लिहिला. ज्याच्या फोनवरून फाईल आली त्याच्या घरीही गेलो. तो महिनाभर लाजेनं ग्रुपवर बोलला नव्हता. त्याचे ३१,००० गेले होते आणि त्यानं घरातही सांगितलं नव्हतं. त्याची तक्रार काल नोंदवली, फोन अजून पुसलेला नाही.

आज दुधाचे पैसे जमा झाले. बाबांनी मेसेज मोठ्यानं वाचून दाखवला, आणि मग वर जाऊन पाठवणाऱ्याचं नाव पुन्हा एकदा वाचलं.


नाव नको | २ डिसेंबर, दुपारी ४.१५

मी आईकडे आहे. सोबत सखी केंद्रातल्या बाई आल्या होत्या. जुना फोन पोलिसांकडे जमा केला. हा नवा आहे, आईच्या पैशाचा. खातं मी उघडलं.